मामांनी संन्यास घेतला नव्हता

निपाणीत माझ्याविषयी जे सांगितले जाते, त्यातले एवढेच खरे आहे की त्या दिवशी माझा आवाज चढला. फोटोला मी हात लावला नाही. शिऱ्याचे पातेले कलंडले ते मला खाली बसवायला धावलेल्या एका गृहस्थाच्या पायाने, माझ्या धक्क्याने नव्हे. आणि दाजींची, म्हणजे माझी, स्मृती गेली आहे, म्हणून ते वाटेल ते बरळले, असे जे माझा मेहुणा गावभर सांगत फिरतो, त्याला उत्तर देण्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. मला एकोणऐंशीवे वर्ष चालू आहे. बनशंकरीच्या या घरात मी एकटा राहतो, माझा स्वयंपाक मी करतो, आणि बेचाळीस वर्षांपूर्वी यशवंतपूरच्या स्थानकावर काय घडले ते सांगू शकेल असा माणूस आता माझ्याखेरीज कोणी उरलेला नाही.

माझे मामा हेच माझे सासरे. आमच्या सीमाभागात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानीत. माझ्या आईने आपल्या भावाकडे शब्द टाकला आणि माझे लग्न झाले. मामांचे निपाणीत साड्यांचे दुकान होते. मी बंगळुरूला, यशवंतपूरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात तपासनीस होतो. वर्षातून दोनदा मामा चिकपेटेत माल घ्यायला येत आणि आमच्याकडे उतरत. एका वर्षी ते आले आणि परत गेलेच नाहीत. त्यांनी संसार सोडला, पायातल्या वहाणा काढून ठेवल्या आणि ते विरक्त होऊन निघून गेले, ही निपाणीची कथा. दरवर्षी ज्येष्ठात त्यांची गृहत्यागाची तिथी पाळतात. भगवी शाल पांघरल्यासारखा रंगवून घेतलेला त्यांचा फोटो मांडतात आणि त्यापुढे एक पत्र वाचून दाखवतात. ते पत्र माझे आहे. भाषा चांगली आहे, हे मी आजही म्हणेन. मजकूर खोटा आहे.

हे मी बेचाळीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते. सांगावे लागले ते माझ्या मुलीमुळे.

मुलगी सत्तेचाळीस वर्षांची आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहते, संगणकाच्या कंपनीत मोठ्या पदावर आहे, आणि दर शनिवारी दोन तास वाहतुकीत घालवून माझ्याकडे येते. तिची थोरली मावशी, म्हणजे माझ्या पत्नीची बहीण, चोपन्नाव्या वर्षी विसरू लागली. प्रथम भाजीत मीठ घातले की नाही ते, मग घरचा पत्ता, आणि शेवटी गिळायचे कसे तेसुद्धा. ती गेली त्याला नऊ वर्षे झाली. मुलीने तिची सेवा जवळून पाहिली होती. आपण त्या वयाच्या जवळ येत आहोत, हे तिच्या मनाने कधी घेतले ते मला कळले नाही. एका शनिवारी चहा घेताना ती म्हणाली,

"अप्पा, मी एका जनुकीय सल्लागार बाईंकडे जाऊन आले. अल्झायमर घराण्यातून येतो का, ते रक्तावरून तपासतात. पण त्यांनी टेस्ट करायची गरज नाही म्हणून सांगितलं."

"मग झालं तर."

"का नाही म्हणाल्या, ते विचारा की. घरात एकट्या मावशीलाच झालेला असेल, तर तो योगायोग असू शकतो, म्हणाल्या. दोन पिढ्यांत, साधारण त्याच वयात झाला असता, तर गोष्ट वेगळी. मी सांगितलं, आजी ठणठणीत गेली, आई लवकर गेली, आजोबांनी संन्यास घेतला." तिने कप खाली ठेवला. "अप्पा, आजोबा किती वर्षांचे होते तेव्हा?"

"चोपन्न," मी म्हणालो.

"आणि ते नक्की कसे गेले?"

"पत्रात लिहिलंय तसे."

तिने माझ्याकडे पाहिले आणि कपबशा उचलून आत नेल्या. निपाणीची मंडळी म्हणतात की तिने खोदून खोदून माझ्याकडून सारे वदवून घेतले. साफ चूक. तिने पुन्हा एकदाही विचारले नाही. अकरा दिवस मी गप्प राहिलो, आणि बाराव्या दिवशी सकाळी सात वाजता मीच फोन करून तिला म्हणालो, "तुझ्या आजोबांनी संन्यास घेतला नव्हता. मी त्यांना हरवलं."

तिला जे सांगितले तेच येथे लिहितो.

त्या खेपेस मामांना आणायला मी स्थानकावर गेलो, तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला. मामाने भाच्याला. मी थट्टा समजलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत चिकपेटेत गेलो. तिथल्या गल्ल्या वीस वर्षे त्यांच्या पायाखालच्या. आंधळ्यानेही चालावे तसे ते चालत. त्या दिवशी ते एका चौकात उभे राहिले आणि माझी बाही धरून राहिले. नेहमीच्या व्यापाऱ्याकडे बसलो. मामांनी एक जांभळी, मोरपिशी काठांची साडी बाजूला काढली. मग तशीच दुसरी. मग तिसरी. प्रत्येक वेळी तोच आनंद, "ही बघ, ही चालेल आपल्याकडे." चौदा साड्या झाल्यावर व्यापाऱ्याने मला डोळ्यांनी बाहेर बोलावले. "अण्णांना बरं नाही काय? स्वल्प डॉक्टरला दाखवा," तो मराठी-कानडीत म्हणाला. मी त्याच्यावर चिडलो. माझ्या मामांना नाव ठेवणारा तू कोण, असे काहीतरी बोललो.

घरी आल्यावर माझ्या पत्नीने त्यांच्यापुढे ताट ठेवले. त्यांनी हात जोडले आणि अत्यंत अदबीने विचारले,

"बाई, तुम्ही कुणाच्या?"

"तुमचीच," ती म्हणाली, आणि वाढत राहिली. ती रडली नाही. रडली असे मेहुण्याची बायको आता सांगते; ती तेव्हा त्या घरात नव्हती, या शहरातही नव्हती.

डॉक्टरला मी दाखवले नाही. थकवा आहे, गावी गेले की बरे होतील, असे ठरवले आणि चार दिवसांनी त्यांना निपाणीला पोहोचवायला निघालो. यशवंतपूरहून मिरजेची गाडी होती. दोन तिकिटांवर दोन वेगळे डबे लिहिले होते. मामांना मी बाकावर बसवले, पिशवी मांडीवर दिली, "इथून हलू नका" असे दोनदा बजावले आणि खिडकीवर गेलो. तिथल्या कारकुनाने चूक कबूल केली असती तर दोन मिनिटांत काम झाले असते. तो म्हणाला, तुम्हीच तसे मागितले. मी तसे मागितले नव्हते. मी त्याला त्याच्या वरिष्ठाला बोलवायला लावले. वरिष्ठाने माझे बरोबर असल्याचे मान्य केले. यात वीस मिनिटे गेली.

परत आलो तर बाकावर पिशवी होती आणि बाकाखाली वहाणांची जोडी, देवळाबाहेर ठेवावी तशी नीट. मामा नव्हते.

फलाट, आवार, बाजारपेठ, लोखंडाच्या वखारी, सारे पालथे घातले. संध्याकाळी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. मी सांगत गेलो आणि शिपाई कानडीत लिहीत गेला: वय चोपन्न, धोतर, अनवाणी, स्मरणशक्ती नाही, स्वतःचे नाव व गाव सांगता येत नाही. तिची प्रत माझ्याकडे आहे. पुढे तीन महिने मी सुटीच्या दिवशी अन्नछत्रे, धर्मशाळा आणि सरकारी इस्पितळे हिंडलो. एकाने सांगितले, तुमकूरच्या रस्त्यावर गोसाव्यांच्या जमावात असा एक अनवाणी माणूस पाहिला. मी तिथे गेलो. तो दुसराच कोणीतरी होता.

तरीही ते हरवले त्याच आठवड्यात मी निपाणीला पत्र लिहिले, की मामा सर्व पाश तोडून, पादत्राणे काढून ठेवून, विरक्तांच्या मेळ्यात निघून गेले आहेत; निघताना त्यांच्या मुखावर अपूर्व शांती होती, आणि त्यांचा शोध घेऊन त्यांच्या मार्गात कोणी अडथळा आणू नये.

मामींना "वेड" हा शब्द सहन झाला नसता, म्हणून मी तसे लिहिले, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले. इतरांच्या कथा खोडून काढणाऱ्याने आपलीही कथा तपासली पाहिजे. संन्यासी हरवत नाही, तो जातो. आणि जो आपण होऊन गेला, त्याच्यासोबत कोण होता आणि तो त्या वेळी कुठे होता, हे कोणी विचारीत नाही. मी ते पत्र त्यासाठी लिहिले. पत्नीने ते वाचले, घडी घातली, पाकिटावर पत्ता लिहिला. त्यानंतर चौदा वर्षे आम्ही त्याविषयी बोललो नाही, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी ती काविळीने गेली. ती माझ्यावर रागावली होती का, हे विचारायचे राहिले.

फोनवर मुलीने सगळे ऐकून घेतले. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"ती पोलीस तक्रार अजून आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"उद्या घ्यायला येते."

निपाणीला जायचे मीच ठरवले. मुलीने कागद मागितला होता, सभा मागितली नव्हती. पण मामांना झालेला रोग त्यांच्या मुलाने माझ्याआधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा, हे मला बरे वाटेना; आणि तिथी आठवड्यावर आली होती. मुलगी गाडी चालवीत होती. वाटेत ती म्हणाली, "अप्पा, आधी माझ्या निपाणीच्या मामाला आत बोलावून सांगा. सगळ्यांसमोर नको." शहाणपणाचा सल्ला होता. मी तो पाळणारही होतो. पण आम्ही पोहोचलो तेव्हा पत्राचे वाचन सुरू झाले होते, आणि "अपूर्व शांती" या शब्दांवर साठ माणसांनी हात जोडले. मला बसवेना.

"ते पत्र माझं आहे," मी म्हणालो, "आणि ते खोटं आहे."

"दाजी, बसा की," मेहुणा हसत म्हणाला. तो साठीचा आहे, दुकान आता तो चालवतो. "प्रवासानं थकलाय तुम्ही."

"मी थकलो नाही. तुझे अण्णा आजारी होते. त्यांना स्वतःचं नाव आठवत नव्हतं. थोरल्या अक्काला झालं तेच त्यांना झालं होतं."

"आमच्या अण्णांना येडं म्हणताय? त्यांच्या तिथीला? त्यांच्या फोटोसमोर?"

"रोगी म्हणतोय. कागद आहे माझ्याकडे."

"कानडीतला कागद! त्यात काय लिहिलंय ते आमच्यात कोण वाचणार? बेचाळीस वर्षं गप्प बसलात आणि आज आठवलं? अक्काला विसर पडला तो नवरा गेल्याच्या धक्क्यानं. आणि विसर कुणाला पडलाय आज, ते दिसतंय की सगळ्यांना!"

लोक हसले. तिथेच माझा आवाज चढला. पुढे पातेल्याचे झाले ते वर आलेच आहे. परतीच्या वाटेवर हुबळी मागे पडली. मग मुलगी म्हणाली, "तो तुमचा मुद्दा जिंकायचा दिवस नव्हता, अप्पा. त्याचे वडील गेले आज."

सल्लागार बाईंकडे दुसऱ्या खेपेस आम्ही दोघे गेलो. पस्तिशीची, हासनकडची मुलगी. मला "अंकल" म्हणाली. मी तुमचा काका नाही, असे मी कानडीत सांगितले, तेव्हा तिने "सरी, सर", म्हणजे बरं, असे म्हणून पुढे सुरुवात केली. मोठ्या कागदावर तिने आमचे घराणे काढले: पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे वर्तुळ, आजारी तो काळा भरलेला. कारखान्यात मी आयुष्यभर आराखडे वाचले. हा आराखडा वाचायला मला वेळ लागला नाही. माझ्या आणि पत्नीच्या मध्ये तिने एकाऐवजी दोन रेघा ओढल्या.

"या दोन का?"

"रक्ताच्या नात्यातलं लग्न, सर. म्हणून तुमच्या आईविषयी विचारावं लागेल."

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षे जगली आणि तिला साठ वर्षांपूर्वीची भांडणे शब्दशः पाठ होती, हे मी सांगितले. "आणि तुम्ही?" तिने विचारले. मेहुण्याचे म्हणणे मुलीने तिला आधीच सांगितले असावे. माझी स्मरणपरीक्षा झाली. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितले. मी कंपास मागितला. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. ते मी मध्येच, तिने विचारायच्या आत, दोनदा सांगितले. बाईंनी कागद बाजूला ठेवला. "या घराण्यात हा आजार पन्नाशीत येतो. तुमचं वय आणि तुमची जीभ पाहता तुमची काळजी नको, सर," ती म्हणाली, आणि माझी मुलगी कित्येक आठवड्यांनी हसली.

मग पोलीस तक्रारीची प्रत पाहून तिने मामांचा चौकोन काळा केला. तो भरला जाताना मी पाहत होतो. बेचाळीस वर्षांत त्या माणसाविषयी कागदावर उमटलेली ती दुसरी खरी गोष्ट.

यानंतर तिने जे सांगितले ते मला अजूनही नीट मांडता येते. मामांना आणि मावशीला तो दोष असेल, तर माझ्या पत्नीत तो उतरला असण्याची शक्यता अर्धी. तिच्यात असलाच, तर तो मुलीत येण्याची पुन्हा अर्धी. पत्नी ज्या वयात गेली, त्या वयात खूण दिसलीच नसती. तिच्या शेवटच्या वर्षांतला दिवस न् दिवस मी उलटून पाहिला आहे, एखादी विसरलेली किल्ली, चुकलेले नाव. काही सापडत नाही, आणि न सापडण्याने काही सिद्ध होत नाही. आजारी माणसांपैकी कोणाचेही रक्त आता मिळणार नाही. म्हणून मुलीच्या रक्तात दोष सापडला, तर ते पक्के; न सापडला, तर दिलासा, पण पूर्ण हमी नव्हे. रोगावर उपाय मिळेल म्हणून नव्हे, तर कळावे म्हणून ही तपासणी, आणि कळायला नको असे म्हणण्याचाही तिला हक्क आहे, हे बाईंनी दोनदा सांगितले.

"मला कळायला हवं," मुलगी म्हणाली. तिची मुलगी वीस वर्षांची आहे.

निकालाच्या दिवशी तिने मला येऊ दिले नाही. दुपारी चार वाजता ती माझ्याकडे आली. येताना गांधी बझारातून पडवळ आणि कोथिंबीर आणली होती. ती भाजी निवडायला बसली. लेकीच्या वसतिगृहाविषयी बोलली, मेट्रोच्या नव्या मार्गाविषयी बोलली. मी अर्धा तास थांबलो. माझ्या स्वभावाला तो पुष्कळ झाला.

"काय म्हणाल्या बाई?"

"बोलणं झालं."

"म्हणजे काय?"

"अप्पा, ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"मी बाप आहे तुझा."

"म्हणूनच." तिने कोथिंबिरीची जुडी सोडली. "चांगलं असेल तर तुम्ही निपाणीला फोन कराल. वाईट असेल तर तुम्ही माझ्याशी बोलताना माझा शब्द न् शब्द तपासाल. दोन्ही मला नकोय. मला शनिवारी इथं नुसतं यायचंय."

"मी तसं करणार नाही."

"अप्पा, तुम्ही आत्ताच करताय."

मी करीत होतो. ती पडवळाला काय म्हणते, मेट्रोच्या स्थानकाचे नाव तिला लगेच आठवते का, ती तीच गोष्ट पुन्हा सांगते का, याकडे माझे लक्ष लागले होते. निकाल काहीही असला तरी ती आज पूर्ण शुद्धीत आहे, हे ठाऊक असूनही.

त्याला आता चार महिने झाले. ती दर शनिवारी येते, जेवते, सहाच्या आत निघते. मी विचारले नाही. हे संयमाने झाले असे कोणी समजू नये. दोनदा प्रश्न ओठांवर आला आणि दोन्ही वेळा ती उठून आत गेली.

गेल्या मंगळवारी मेहुण्याचा फोन आला. निपाणीच्या त्या दिवसानंतरचा पहिला. आवाज पडला होता.

"दाजी, बरं आहे ना? पोरीची तपासणी झाली म्हणे. काय निघालं?"

"मला माहीत नाही."

"असं कसं? तुमचीच पोर."

"तिनं सांगितलं नाही."

"परत लपवताय तुम्ही," तो म्हणाला. मागे दुकानाच्या शटरचा आवाज येत होता. "माझा पोरगा चौतीसचा आहे, दाजी. त्याची बायको विचारतेय. अण्णांचं ते... तुम्ही म्हणालात ते खरं असलं तर, त्याचं काय?"

मी विजयी व्हावे, असा तो क्षण होता. साठ माणसांसमोर मला भ्रमिष्ट ठरवणारा माणूस मला विचारीत होता. मी त्याला बाईंनी काढलेला आराखडा समजावून सांगितला. तू साठीचा आहेस, म्हणालो. तुझ्या अण्णांना आणि अक्काला चोपन्नाव्या वर्षी झालं. तुझी बुद्धी अजून माझ्याशी भांडण्याइतकी शाबूत आहे. तुझ्यातच बहुधा नाही, मग पोराला कुठून येणार? तरी त्याला एकदा सल्ला घेऊ दे. मी बाईंचा नंबर देतो.

"लिहून घेतो," तो म्हणाला. त्याने पेन शोधले, नंबर दोनदा म्हणून घेतला. मग विचारले, "अण्णा शेवटी काय बोलले होते, दाजी? खरं सांगा."

"मी म्हणालो, इथून हलू नका. ते म्हणाले, बरं."

त्याने फोन ठेवला. मी खुर्ची गॅलरीत ओढली. शनिवारला अजून चार दिवस होते.